मेटाट्रेडर ४ की ५? आधी खतावणी पाहू

फॉरेक्सच्या सौद्यांसाठी कुठले सॉफ्टवेअर घ्यावे असे विचारणारा माणूस बहुतेक वेळा दोनच नावे घेऊन आलेला असतो: एमटी ४ आणि एमटी ५. दोन्ही मेटाट्रेडर या एकाच घराण्यातली, मेटाकोट्स या कंपनीने केलेली. थोरले २००५ साली बाजारात आले, धाकटे २०१० साली. धाकटे येऊन दीड दशक उलटले तरी थोरल्याचे बस्तान पुरते हललेले नाही, आणि जुने की नवे हा वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. जुन्याच्या बाजूचे लोक सवयीला चिकटलेले आहेत, असे म्हणून तो निकालात काढणे सोपे आहे. मला ते पटत नाही. जुन्याला धरून राहण्यामागे पक्की कारणे होती. त्यांतली काही आजही शिल्लक आहेत, काही केव्हाच संपली आहेत. कोणती संपली हे न तपासता निवड करणारा आपले पैसे उगाच धोक्यात घालतो.

वादात तुलना होते ती पडद्याची. एमटी ४ मध्ये ९ टाइमफ्रेम, एमटी ५ मध्ये २१. तिथे ३० इंडिकेटर, इथे ३८. तिथे पेंडिंग ऑर्डरचे ४ प्रकार, इथे ६. एमटी ५ मध्ये आर्थिक घडामोडींचे कॅलेंडर आतच बसवलेले आहे आणि बाजाराची खोली दाखवणारी खिडकीही आहे. हे सगळे खरे आहे, पण बारा मिनिटांचा चार्ट मिळाला नाही म्हणून कोणाचे दिवाळे निघाल्याचे मी पाहिलेले नाही. पेढीवर नवा मुनीम आला की शेठजी त्याचे अक्षर पाहत असतील, पण त्याहून आधी तो जमा-नावे कसे मांडतो ते पाहतात. इथेही तेच पाहायला हवे. सौद्याची नोंद कुठल्या पानावर होते, मागचा काळ तपासायचा तर तो कुठल्या आकड्यांवर तपासला जातो आणि मूळ वही कोणाच्या ताब्यात असते, या तीन गोष्टींत या दोन सॉफ्टवेअरमधला खरा फरक आणि खरे साम्य दडलेले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. एमटी ४ आले तेव्हा साध्या संगणकावर, सावकाश चालणाऱ्या इंटरनेटवर जिवंत भाव दाखवणारा, चार्टवर रेघा मारू देणारा आणि आपण लिहून दिलेल्या नियमांप्रमाणे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम घरबसल्या फुकट मिळणे ही मोठी गोष्ट होती. ट्रेडरला तो फुकट मिळतो कारण परवान्याचे पैसे ब्रोकर भरतो. म्हणजे मेटाकोट्सचे गिऱ्हाईक आपण नाही, ब्रोकर आहे. पुढची बरीच कोडी या एका गोष्टीने सुटतात.

आपोआप सौदे करणाऱ्या त्या प्रोग्रामला एक्स्पर्ट ॲडव्हायझर म्हणतात, बोलताना नुसते ईए. ते लिहायची भाषा एमक्यूएल ४. सी भाषा थोडीफार येणाऱ्याला ती आठवड्याभरात जमू लागते. त्यामुळे जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक लोकांनी हजारो ईए आणि इंडिकेटर लिहिले, वाटले, विकले. एमटी ४ चे खरे बळ हा साठा होता. प्रोग्राम बदलणे म्हणजे हा साठा मागे ठेवून जाणे, कारण एमटी ४ ची फाइल एमटी ५ वर चालत नाही.

आता पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नोंदीची. एक साधे उदाहरण घेऊ. युरो-डॉलरमध्ये ०.१० लॉट म्हणजे १०,००० युरो, आणि भाव एक पिप हलला की एक डॉलरचा फरक. समजा तुम्ही १.०८०० ला ०.१० लॉट घेतले. भाव वर गेला, १.०८४० ला आणखी ०.१० घेतले. मग तो थोडा उतरला आणि १.०८३० ला तुम्ही ०.१० विकले.

एमटी ४ या तीन सौद्यांच्या तीन वेगळ्या पावत्या फाडते. पहिली ३० डॉलर नफ्यात, दुसरी १० डॉलर तोट्यात, तिसरी विक्रीची, आत्ता शून्यावर. तीनही उघड्या राहतात, प्रत्येकीला आपला स्वतंत्र क्रमांक, आपला स्टॉप लॉस, आपले टार्गेट. एकाच जोडीत खरेदी आणि विक्री एकाच वेळी उघडी ठेवण्याच्या या पद्धतीला हेजिंग म्हणतात. एमटी ५ मूळ स्वरूपात तसे करत नसे. ते नेटिंग करत असे: एका जोडीला खतावणीत एकच पान. दोन खरेद्या मिळून ०.२० लॉट, सरासरी भाव १.०८२०. विक्री आली की त्यातले ०.१० वजा, १० डॉलर नफा जमा, आणि १.०८२० च्या भावाचे ०.१० शिल्लक, तेही १० डॉलर वर. बेरीज दोन्हीकडे २० डॉलरच होते.

बेरीज सारखी आहे तर भांडण कशाचे? भांडण पावतीचे आहे. समजा एकाच खात्यावर दोन ईए चालले आहेत. एकाचा स्टॉप लॉस ३० पिपांवर, दुसऱ्याचा ८० पिपांवर. हेजिंगमध्ये दोघे आपापली पावती सांभाळतात. नेटिंगमध्ये पान एकच, त्यामुळे नंतर आलेल्या ऑर्डरचा स्टॉप लॉस साऱ्या पोझिशनला लागू होतो आणि पहिल्या ईएची शिस्त पुसली जाते. हाताने सौदे करणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. 'सकाळचा सौदा ठेवायचा होता, दुपारचा कापायचा होता' असे म्हणायची सोय नेटिंगमध्ये नाही.

याउलट शेअर बाजारात मुरलेल्या आपल्याकडच्या माणसाला नेटिंगच स्वाभाविक वाटते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या चलन विभागात डॉलर-रुपयाचे ५ लॉट घेऊन ३ विकले की हातात २ उरतात. ५ ची खरेदी आणि ३ ची विक्री शेजारी शेजारी उभी राहत नाही. एक्स्चेंजचा हिशेब असाच असतो. एमटी ५ फक्त फॉरेक्ससाठी नव्हते, शेअर आणि फ्यूचर्सचे बाजारही त्याने पेलावेत असा कंपनीचा बेत होता, म्हणून त्याची खतावणी एक्स्चेंजच्या धाटणीची झाली. त्याच सुमारास, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या नॅशनल फ्यूचर्स असोसिएशनने आपल्या सदस्य ब्रोकरांना एकाच खात्यात उलटसुलट पोझिशन ठेवू देण्यास मनाई केली आणि आधी उघडलेला सौदा आधी बंद व्हावा असा नियम घातला. अमेरिकेबाहेरच्या ट्रेडरांना मात्र हेजिंगची सवय सोडायची नव्हती. एमटी ५ कडे लोक सुरुवातीला वळले नाहीत याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

मेटाकोट्सने हे उशिरा का होईना मानले. २०१६ मध्ये एमटी ५ मध्ये हेजिंगची सोय आली. तेव्हापासून ब्रोकर खाते उघडतानाच ते हेजिंगचे की नेटिंगचे हे ठरवतो. 'एमटी ५ मध्ये हेजिंग होत नाही' असे आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचे ज्ञान २०१५ पाशी थांबले आहे. पण उलट चूकही तितकीच महागात पडते. एमटी ५ म्हणजे हेजिंग असणारच असे धरून कोणी नेटिंगच्या खात्यावर जुन्या सवयीने उलटा सौदा टाकतो आणि आधीची पोझिशनच बंद करून बसतो. खात्याचा प्रकार टर्मिनलच्या अगदी वरच्या पट्टीत लिहिलेला असतो. पहिली ऑर्डर टाकण्याआधी तो वाचावा.

हेजिंगबद्दल माझे मत सांगून पुढे जातो. एकाच जोडीत खरेदी आणि विक्री दोन्ही धरून ठेवणे याने बहुतेकांचा फायदा होत नाही. स्प्रेड दोनदा द्यावा लागतो. रात्रीचा स्वॅप दोन्ही पावत्यांवर लागतो, आणि त्याची बेरीज सहसा आपल्या विरुद्धच असते. तोटा मान्य करायचा नसतो म्हणून माणूस त्याला कुलूप लावतो आणि त्याचे भाडे भरत राहतो. पण वेगवेगळ्या पद्धतीचे दोन-तीन ईए एकाच खात्यावर चालवणाऱ्याला स्वतंत्र पावत्या लागतात, ही गरज खरी आहे. ती आता एमटी ५ मध्येही भागते. जुन्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण संपले आहे ते इथे.

दुसरी गोष्ट तपासणीची, म्हणजे बॅकटेस्टची. इथे मात्र दोन्हींत तुलनाच होऊ शकत नाही, असे मी म्हणेन.

ईए लिहिला की तो गेल्या काही वर्षांच्या भावांवर चालवून पाहायचा, असा प्रघात आहे. एमटी ४ चा टेस्टर ही तपासणी एका वेळी एकाच जोडीवर, संगणकाचा एकच कोअर वापरून करतो. त्याच्याकडे भावाचा प्रत्येक ठोका, म्हणजे टिक, नसतो. असतात एका मिनिटाच्या मेणबत्त्या: उघडताना, वर, खाली, बंद होताना. त्या चार आकड्यांमधून भाव कसा फिरला असेल याचा एक ठरावीक आराखडा तो स्वतः रचतो आणि त्यावर ईए चालवतो. अहवालात त्याचा दर्जा ९० टक्के असा छापून येतो, आणि ते पाहून माणूस निर्धास्त होतो. स्प्रेडही पूर्ण तपासणीत एकच धरलेला असतो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे येतात त्या क्षणी, किंवा न्यूयॉर्कचा दिवस संपतो त्या वेळी, म्हणजे आपल्याकडे पहाटे अडीच-साडेतीनला, स्प्रेड कितीतरी पट फाकतो. दिवसाच्या मेणबत्तीवर चालणाऱ्या संथ पद्धतीला याने विशेष फरक पडत नाही. पण दोन-पाच पिपांच्या नफ्यासाठी आत-बाहेर करणारा स्काल्पर या रचलेल्या टिकांवर तपासला, तर नफ्याची रेघ सरळ आभाळाला भिडते आणि खऱ्या खात्यावर पहिल्याच महिन्यात कोसळते. विक्रीला ठेवलेल्या कितीतरी ईएंच्या जाहिरातीत अशाच रेघा असतात. त्या विकत घेणाऱ्यांत निवृत्तीचे पैसे लावणारी माणसेही असतात, म्हणून हे मला पोटतिडकीने सांगावेसे वाटते.

एमटी ५ चा टेस्टर ब्रोकरने साठवलेले खरे टिक वापरू शकतो, बदलत्या स्प्रेडसकट. अनेक जोड्या एकाच वेळी तपासू शकतो, त्यामुळे युरो आणि पौंड एकत्र कोसळले तर खात्याचे काय होईल हे आधी कळते. संगणकाचे सगळे कोअर कामाला लावतो आणि तेवढ्याने भागले नाही तर पैसे मोजून इतरांचे संगणकही भाड्याने घेता येतात. ऑर्डर पोचायला मुद्दाम उशीर लावून पाहायची सोय आहे. शेवटचा काही काळ बाजूला राखून ठेवायचा, ईएची घडी आधीच्या काळावर बसवायची आणि मग राखलेल्या काळावर परीक्षा घ्यायची, हेही आतच होते. ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बहुतेक ईए भूतकाळ पाठ करून पास झालेले असतात.

यावर जुन्याच्या बाजूने उत्तर असते की बाहेरून टिकांचा साठा आणून, वेगळे साधन जोडून एमटी ४ वरही ९९ टक्के दर्जाची तपासणी करता येते. येते, हे खरे. पण ते ठिगळ आहे, आणि अनेक जोड्यांची एकत्र तपासणी त्यानेही होत नाही. ईए लिहिणाऱ्या, घेणाऱ्या किंवा चालवणाऱ्या माणसाने आज एमटी ४ चा टेस्टर निर्णयासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एमटी ५ ला २०१९ पासून पायथनही जोडता येते, ते आकडेवारीत काम करणाऱ्यांना उपयोगी. ज्याला त्याची गरज नाही त्याने त्यासाठी झुरू नये.

जुना ईए नव्या घरात नेणे कितपत अवघड आहे? याची दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये एमटी ४ ची बिल्ड ६०० आली. तिने एमक्यूएल ४ ची घडण बरीचशी एमक्यूएल ५ सारखी करून टाकली. त्या वेळी जुन्या ढिल्या लिखाणाचे कितीतरी ईए अडखळले आणि लोक खूप चिडले. पण त्याचा एक फायदा असा झाला की त्यानंतर नीट लिहिलेल्या प्रोग्रामचा गणिताचा भाग दोन्हीकडे जवळपास सारखा राहतो. अडते ते ऑर्डरच्या भागात. एमटी ४ मध्ये सगळ्याला ऑर्डर हा एकच शब्द आहे. एमटी ५ तीन गोष्टी वेगळ्या करते: तुम्ही दिलेला हुकूम ती ऑर्डर, त्यातून प्रत्यक्ष झालेला व्यवहार ते डील आणि हातात उरलेली ती पोझिशन. आपल्याकडच्या ब्रोकरच्या ऑर्डर बुक, ट्रेड बुक आणि पोझिशन या तीन पानांशी परिचय असलेल्याला हे लगेच उमगते. एमटी ४ वर वाढलेल्याला सुरुवातीला गोंधळायला होते. जुन्या पद्धतीची ऑर्डर फंक्शन एमटी ५ वर चालवून देणाऱ्या तयार लायब्रऱ्या मिळतात, त्या काम भागवतात. पण मूळ लिखाणच हातात नसेल, फक्त चालणारी फाइल असेल आणि लिहिणारा गायब झाला असेल, तर तो ईए हलवता येत नाही. असा ईए पैसे लावण्याच्या लायकीचा आहे का, हे तरी त्या निमित्ताने विचारावे.

नव्या घरातला पहिला अडथळा बहुधा एरर १००३० हा असतो. एमटी ५ ला सांगावे लागते की पूर्ण माल मिळाला नाही तर ऑर्डर रद्द करायची, की मिळेल तेवढा घेऊन उरलेली सोडायची. ब्रोकर जे स्वीकारतो तेच ईएमध्ये लिहिलेले नसेल तर ऑर्डर परत येते. दुसरा अडथळा जोडीच्या नावाचा. एका ब्रोकरकडे युरो-डॉलरच्या पुढे टिंब आणि एक अक्षर, दुसऱ्याकडे प्रो अशी शेपटी. दोन्ही अडथळे दहा मिनिटांत सुटतात, पण माहीत नसेल तर रात्र जाते.

आता तिसरी गोष्ट, वही कोणाच्या हातात. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२५ च्या पाहणीप्रमाणे जगात दिवसाला सुमारे ९.६ लाख कोटी डॉलरचे चलनव्यवहार होतात. मेटाट्रेडरची खिडकी उघडली की आपण त्या समुद्रात उतरलो असे वाटते. तसे नसते. आपण जोडलेलो असतो ब्रोकरच्या सर्व्हरला. भाव तो पाठवतो, ऑर्डर तो स्वीकारतो, शिल्लक तो दाखवतो, आणि आपल्या पडद्यावर असते ती त्याच्या वहीची नक्कल. एमटी ४ च्या काळात ऑर्डर मुद्दाम थोडी थांबवणारी, भाव आपल्या विरुद्ध गेला तर तोच लावणारी आणि आपल्या बाजूने गेला तर नवा भाव विचारणारी प्लगइन ब्रोकरांना मिळत असत. घसरणीचा तोटा गिऱ्हाइकाला आणि फायदा स्वतःला, अशा वागण्याबद्दल अमेरिकेत नियामकांनी काही ब्रोकरांना दंडही केला. एमटी ५ मध्ये ऑर्डर कशी भरली जावी याचे प्रकार अधिक स्पष्ट आहेत, डीलची नोंद वेगळी आहे, त्यामुळे मागाहून तपासणे सोपे जाते. पण नियत सॉफ्टवेअरने बदलत नाही.

चांगल्या नियतीच्या ब्रोकरकडेही वहीच्या मर्यादा असतात. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकचा तळ अचानक सोडून दिला. मधल्या भावांना घेणारेच कोणी नव्हते. १.२० च्या जरासे खाली लावलेले स्टॉप लॉस कितीतरी खालच्या भावाला भरले गेले, लोकांची खाती उणे झाली. अल्पारीची ब्रिटनमधली शाखा दिवाळखोरीत गेली, एफएक्ससीएमला ३० कोटी डॉलरचे कर्ज घेऊन तग धरावा लागला. त्या सकाळी कुठल्या आवृत्तीचे टर्मिनल उघडे आहे याने कोणाचेच काही अडले नाही. युरोपात २०१८ पासून किरकोळ ग्राहकाला मुख्य जोड्यांवर ३० पटींहून जास्त लिव्हरेज देता येत नाही आणि खाते उणे होऊ द्यायचे नाही असे बंधन आहे. ते घालताना युरोपीय नियामकाने दिलेला आकडा असा होता, की अशा करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात.

एक तांत्रिक बाब इथेच सांगतो, कारण ती अनेकांना ठाऊक नसते. साधा स्टॉप लॉस सर्व्हरवर ठेवलेला असतो. आपला संगणक बंद पडला तरी तो राहतो. ट्रेलिंग स्टॉप मात्र दोन्ही आवृत्त्यांत आपल्या टर्मिनलमधून चालतो. वीज गेली, इंटरनेट तुटले की तो जिथे होता तिथेच थिजतो. ईएचेही तसेच. म्हणून लोक दूरचा भाड्याचा संगणक, म्हणजे व्हीपीएस, घेतात. छोट्या व्हीपीएसवर एमटी ४ ची तीन-चार टर्मिनल सुखाने नांदतात. जुन्याच्या बाजूचे हे एक कारण अजून खरे आहे. एमटी ५ ला मेमरी जास्त लागते.

वहीच्या मालकीचा प्रश्न मेटाकोट्सपर्यंतही जातो. २०१८ मध्ये कंपनीने नव्या ब्रोकरांना एमटी ४ चे परवाने विकणे बंद केले. तेव्हापासून जुने परवाने असलेल्या ब्रोकरांकडेच ते मिळते, आणि नव्या सोयी येतात त्या एमटी ५ मध्येच. एमटी ४ उद्या बंद पडेल असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात मालक नवे भाडेकरू घेत नाही, तिथे राहणाऱ्याने दुसरी जागा पाहून ठेवावी. अर्थात नव्यालाही अभय नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातून एमटी ४ आणि एमटी ५ दोन्ही काढून टाकली, ती मार्च २०२३ मध्ये परत आली. मधल्या सहा महिन्यांत नवा आयफोन घेतलेल्याची कोंडी झाली. २०२४ च्या सुरुवातीला मेटाकोट्सने अमेरिकी ग्राहक घेणाऱ्या प्रॉप फर्मांवर, म्हणजे ट्रेडरला सौद्यांसाठी आपले भांडवल देणाऱ्या कंपन्यांवर, बडगा उगारला तेव्हा कित्येकांना घाईघाईने दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे पळावे लागले.

त्या दुसऱ्यांचा उल्लेख थोडक्यात. सीट्रेडर हे सायप्रसच्या स्पॉटवेअरचे. दिसायला नेटके, सी शार्प भाषा येणाऱ्याला सोयीचे. ट्रेडिंगव्ह्यू चार्टसाठी अप्रतिम आहे, काही ब्रोकर त्यातूनच ऑर्डर घेतात, पण हिशेब पुन्हा ब्रोकरचाच. हाताने सौदे करणाऱ्याने ही दोन्ही जरूर पाहावीत.

फसवणूक करणाऱ्यांना मेटाट्रेडर प्रिय आहे, ते त्याच्या नावामुळे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर ओळख होते, दुकानातून खरेखुरे ॲप उतरवून घ्यायला सांगितले जाते, त्यात एका ब्रोकरचे नाव शोधायला लावले जाते. ॲप अस्सल असते, सर्व्हर लबाडाचा असतो. पडद्यावर नफा वाढत जातो, आणि पैसे काढायला गेले की 'आधी कर भरा' असा निरोप येतो. एमटी ५ वर आहे म्हणजे खरे असेल, हा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. ब्रोकरचा परवाना त्या त्या देशाच्या नियामकाच्या नोंदवहीत जाऊन पाहावा. ॲपमध्ये नाव सापडणे हा पुरावा नव्हे.

भारतात राहणाऱ्यासाठी तर याहून आधीचा प्रश्न आहे. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, निवासी भारतीयाला चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींशी आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. ऑनलाइन करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा राष्ट्रीय शेअर बाजार, बीएसई आणि मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंजवर. परदेशी ब्रोकरच्या एमटी ४ किंवा एमटी ५ खात्यात मार्जिनचे पैसे पाठवणे उदारीकृत प्रेषण योजनेच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेतही बसत नाही, कारण अशा मार्जिनला ती योजना मनाईच करते. उल्लंघन झाले तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी काढली, तेव्हा तीत ३४ नावे होती. नंतर ती वाढत गेली आणि मेटाट्रेडर देणारी जाहिरातीतली अनेक ओळखीची नावे तीत आहेत. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असेही नाही, हे बँकेनेच सांगितले आहे.

देशातल्या एक्स्चेंजवरही दार पूर्वीसारखे सताड उघडे नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे फ्यूचर्स सुरू झाले, तेव्हा छोट्या माणसालाही १,००० डॉलरच्या लॉटने उतरता आले. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रे दाखवावी लागली नाहीत तरी रुपयाशी जोडलेल्या करारामागे खरी चलनाची जोखीम असलीच पाहिजे. मे २०२४ पासून ते लागू झाले आणि त्या विभागातली उलाढाल आटली. आयात-निर्यात करणाऱ्या इचलकरंजीच्या किंवा नाशिकच्या उद्योजकाला तो बाजार आजही उपयोगाचा आहे. नुसत्या अंदाजावर खेळणाऱ्याला नाही. म्हणून पुण्या-नागपुरात बसून एमटी ४ बरे की ५ असे विचारणाऱ्याला मी डेमो खात्यावर शिकायला सांगतो, ईए लिहायला आणि तपासायला सांगतो, आणि खरे पैसे बाहेर पाठवू नका असे सांगतो. हे सांगितल्यावर काहींचा चेहरा उतरतो, पण कमिशनसाठी खाती उघडून देणारे हे त्यांना कधीच सांगणार नसतात.

दुबई, लंडन, सिडनी किंवा सिंगापूरला राहणाऱ्या आपल्या माणसांचे तसे नाही. तिथल्या परवानाधारक ब्रोकरकडे त्यांना खाते उघडता येते, आणि निवड खरोखर करावी लागते ती त्यांना. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे उत्तर सरळ आहे: एमटी ५, हेजिंगचे खाते. एमटी ४ शिकण्यात आज घातलेला वेळ पुढे पुन्हा घालावा लागेल. जो हाताने, चार तासांच्या किंवा दिवसाच्या चार्टवर, महिन्याला मोजके सौदे करतो आणि ज्याचा ब्रोकर एमटी ४ नीट चालवतो, त्याने धावपळ करण्याची गरज नाही. ज्याच्याकडे वर्षानुवर्षे खऱ्या पैशावर टिकलेला, मूळ लिखाणासकट हातात असलेला ईए आहे, त्याने तो हलवावा, पण सणासुदीचे घर बदलावे तसा मुहूर्त धरून एका दिवसात नाही.

हलवताना जुने खाते चालूच ठेवावे. नव्या रूपातला ईए आधी एमटी ५ च्या टेस्टरमध्ये खऱ्या टिकांवर तपासावा. इथे बहुतेकांना धक्का बसतो, जुन्या टेस्टरमधला निम्मा नफा गायब होतो; तो कधी नव्हताच, हे मान्य करायला वेळ द्यावा. मग डेमोवर, मग सर्वांत लहान लॉटने खऱ्या खात्यावर, निदान तीन महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवावेत आणि दर शनिवारी, बाजार बंद असताना, सौद्यामागून सौदा ताडून पाहावा: तोच क्षण, तोच भाव, तेवढाच स्वॅप. जिथे फरक पडेल तिथे कारण सापडेपर्यंत लॉट वाढवू नये. सगळे जुळले की एमटी ४ च्या खात्यातल्या उरलेल्या पोझिशन बंद कराव्यात, खात्याच्या इतिहासात सर्व काळ निवडून सविस्तर अहवाल फाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि तो दोन ठिकाणी जपून ठेवावा, कारण बंद पडलेल्या खात्याचा इतिहास ब्रोकर आपल्या सर्व्हरवर किती दिवस ठेवील हे आपल्या हातात नसते.